फटफटीमागची म्हैस आणि फोरमवरचे गुरुजी

मी कोल्हापूरचा म्हटल्यावर तुम्ही आता तांबडा-पांढरा मिळंल म्हणून हात धुऊन बसला असशीला. नायतर तालमीतला पैलवान येईल म्हणून वाट बघत असशीला. उठा. ही गोष्ट एका म्हशीची हाय, आणि ती सुरू हुते सायबर कॅफेत. पटत न्हाई? असू दे. तिथं बी समदी तुमच्यासारखीच हुती.

शाळा माझी कुरुंदवाडला झाली आणि कॉलेजला मी कोल्हापुरात काकांच्या घरी येऊन पडलो. माझ्या अंगात गुण एकच, नकला. एसटीचा कंडक्टर, पीटीचे सर, शेजारच्या मावशींची शिंक, कुणाला सोडलं न्हाई. मोबाईलवर नेट यायच्या आधीचा काळ. सायबर कॅफेत प्लायवूडच्या खोक्यात बसून मी एका मराठी फोरमवर जायचो. तिथं पुण्या-मुंबईची आणि अमेरिकेतली माणसं आपापल्या आठवणी लिहायची आणि एकमेकांचे डोळे पुसायची. मला वाटलं, नक्कल लिहून पण करता येतीच की.

म्हणून मी निवृत्त मुख्याध्यापक झालो. वय सत्तर, पत्नी नुकतीच गेलेली, अंगणात तिनं लावलेला प्राजक्त. लिवलं, 'आजही पहाटे फुले पडतात, वेचणारे हात मात्र नाहीत.' आयला, फोरम ढसाढसा रडला. 'गुरुजी, समोरची अक्षरे धूसर झाली.' 'गुरुजी, वाकून नमस्कार.' अमेरिकेतल्या एक बाई म्हणल्या, आज ऑफिसात कामच सुचलं नाही. हिकडं माझी बायको सोडा, वर्गातली पोरगी वही मागत नव्हती. आणि काकांच्या घराला अंगण न्हाई, गोठा हाय.

एकानं तरी विचारावं की न्हाई, गुरुजी, शाळा कुठली तुमची? न्हाई. कारण ही गोष्ट त्यांनी आधी ढीगभर वेळा वाचलेली. ओळखीची वाटली की माणूस खरी म्हणून मोकळा हुतो. वर माझे स्वल्पविराम जागच्या जागी. एवढ्या शुद्ध भाषेत कोण खोटं बोलंल?

मग एकदा मी माझ्या खऱ्या नावानं, आपल्या भाषेत, खरी गोष्ट लिवली. दिवाळीच्या पाडव्याला आमच्यात म्हशी सजवत्यात. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या. मालक फटफटीचा सायलेन्सर काढतो, गाडी ताणतो आणि म्हैस त्या आवाजामागं चौकातनं पळत सुटती. दावं न्हाई, काठी न्हाई. शंभर गाड्या वाजू द्या, आपल्या मालकाची ती बराबर वळखती. काकांची म्हैस तर पेठेत नावाजलेली. त्या वर्षी चौकात सगळ्यात आधी सुटायचा मान तिचाच हुता, आणि त्या मानापायी काका वर्षभर स्वतः कमी आणि तिला जास्त खायला घालत हुते.

खाली लोकांनी लिवलं, 'म्हैस दुचाकीमागे धावते, आणि मी चंद्रावर राहतो.' एकजण म्हणला, 'आधी शुद्ध लिहायला शिका, मग थापा मारा.'

माझी अक्कल बघा, मी हे जेवताना काकांना सांगितलं. काकांचा घास हातातच राहिला.

"कोण म्हणलं खोटं?"

"इंटरनेटवरची लोकं."

"गाव कुठलं त्यांचं?"

"गाव नसतंय काका तिथं."

"गाव न्हाई, आडनाव न्हाई, आणि मला खोटं पाडत्यात? बोलीव त्यास्नी. म्हणावं पावणं, या, जेवा, म्हैस बघा आणि मग तोंड उघडा."

"बोलवा की," काकी आतनं म्हणल्या, "भाकऱ्या थापायला हाय की मी."

मी निमंत्रण लिवलं. दिवाळीच्या आधी खरंच पुण्याचा एकजण आला. त्योच, चंद्रावर राहणारा. गळ्यात डिजिटल कॅमेरा, चेहऱ्यावर चौकशी समिती. काकांनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "पावणं, आजोळ कुठलं?"

"जयसिंगपूर."

"मग घरचाच की रं!" झालं. त्यो पुरावा मागायला आलता आणि काकांनी नुसत्या आजोळावर त्याला घरात घेतला.

जेवणं झाली. काकांनी ऐटीत किक मारली. गाडी खोकली आणि मेली. परत किक, परत तेच. काका घामाघूम. पावणा गोड आवाजात म्हणला, "असू दे हो काका. राहू दे."

त्या 'असू दे'नं काकांचा चेहरा असा पडला म्हणून सांगू. ते प्लग पुसायला खाली वाकले आणि मी गपचूप गल्लीच्या कोपऱ्यावर गेलो. छाती भरून घेतली आणि तोंडानं काकांची फटफटी काढली. तिची घरघर, मधली उचकी, सगळं. गोठ्यात दावं तुटलं. म्हैस अशी आली की मी फूटपाथवरनं चौकापर्यंत गाल फुगवून पळतोय, मागं म्हैस, तिच्या मागं कॅमेरा घेऊन पुणे. दम लागून मी थांबलो तशी ती बी थांबली. मला हुंगलं. मग मान वळवून काकांना शोधत राहिली.

पावणा सज्जन निघाला. पुण्याला जाऊन त्यानं फोटो टाकले आणि लिवलं, मी चुकलो, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यावर लोकं काय म्हणावीत? 'म्हैस याला मारायला धावते आहे, स्पष्ट दिसते.' 'हा आयडीही त्या थापाड्याचाच.' बिचारा तिथं वर्षानुवर्षं मेंबर हुता, एका म्हशीच्या साक्षीनं त्यो बी खोटा ठरला. शेवटी एका बाईंनी लिवलं, 'गुरुजींनीच सांगावं. ते म्हणतील ते खरं.'

गुरुजी कशाला थांबत्यात? लिवलं, 'कोल्हापुरात नोकरीस असताना हा सोहळा मी सपत्नीक पाहिला आहे. तिचे डोळे पाणावले होते.' समद्यांना पटलं. 'गुरुजी, किती छान माहिती.' म्हैस खरी ठरायला मेलेली बायको लागली, ती बी नसलेली.

काकांना हे सांगितलं तर ते पोट धरून हसले. "म्हंजे त्यो म्हातारा तूच व्हय?" मला लई भारी वाटलं. मग मला चटकच लागली. मित्र जमले की मी कोपऱ्यावर जाऊन फटफटी काढायचो. म्हैस यायची, काका नसायचे, परत जायची. पुढं पुढं नुसती मान वर करायची. मग कान. मला काय त्याचं वाटलं न्हाई. पोरं टाळ्या वाजवत हुती.

पाडव्याला चौक भरलेला. म्हशीची शिंगं लाल-पिवळी, पाठीवर नक्षी. काकांनी फेटा बांधला, गाडी ताणली, आवाजानं काचा हादरल्या. काका सुटले. म्हैस जागेवर. तिनं एक कान हलवला आणि गर्दीत उभ्या माझ्याकडं बघितलं. काका चौकाच्या टोकापर्यंत एकटेच गेले, मागं वळले आणि अख्खी पेठ हसली. कुणीतरी वराडलं, "काका, म्हशीला बसवून न्या की डबलसीट!" तवर मागची म्हैस सुटली पण.

घरी आल्यावर काकांनी फेटा काढून खुंटीला अडकवला. चहा बी घेतला न्हाई.

"हिकडं ये, शिकलेल्या. त्या फोरमवाल्यांना तू काय बी सांग. पटलं तर रडतील, न्हाई पटलं तर शिव्या घालतील, त्यांचं काय जातंय? हिनं मला कधी पुरावा मागितला? गाडी वाजली म्हंजे पुढं मी हाय, एवढं एकच तिला ठावं हुतं. त्यात तू तोंड घातलंस."

"चुकलं, काका."

"कोण बोलतंय? तू, का गुरुजी?"

काकांनी गोठ्याकडं बोट केलं.

"उद्यापासनं गोठ्यात तू. शेण काढायचं, वैरण टाकायची, आणि तोंडातनं आवाज काढायचा न्हाई. कसलाच न्हाई. ज्या दिवशी ती परत माझ्या गाडीमागं येईल, त्या दिवशी बोल भाड्या."