कपाळाला बंदूक, हातात थर्मास

आमच्या टीममधलं कुणीही कुठंही भेटू दे, लग्नात भेटू दे नाहीतर बँकेच्या रांगेत, चहा यायच्या आत करोना निघतोच. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसरा सुरू, आणि बाकीची मंडळी मोबाइलमध्ये. माझा नवरा तर सरळ हात जोडतो. म्हणतो, "सगळ्या जगाला लस मिळाली, तुमच्या या आजारावर काही निघालंय का?"

नाही निघालं! मी आरोग्यसेविका, राहायला तळेगावात. माझं उपकेंद्र लोहगडाच्या बाजूला. तो काळ संपून एवढे दिवस झाले, तरी मला अजून एका जागी बसवत नाही. फोन वाजला की आधी चप्पल शोधते, मग फोन.

आम्ही तिघं होतो. मी, कोथरूडहून नुकतेच आलेले तरुण डॉक्टर आणि सुनंदा. सुनंदा म्हणजे किल्ल्याखालच्या वाडीची आशाताई. वाडीचं नाव सांगत नाही, पुन्हा तिकडं जायचंय मला! सुनंदाचा नवरा पुण्याला कामावर अडकलेला. घरी दोन लहान पोरं आणि सासू. सासू म्हणजे पारूमावशी. सत्तरीच्या पुढची, दम्याची पेशंट, आणि किल्ल्याच्या वाटेवर पिठलं-भाकरीचं दुकान. सुनंदा दिवसभर दारोदार फिरायची आणि संध्याकाळी याच बाईच्या घरात शिरायची. तिला घोर एकच. वाडीतला आजार आपल्या पदराला चिकटून जायचा आणि म्हातारीला गाठायचा. म्हणून ती पडवीत निजायची, ताटली वेगळी, तांब्या वेगळा. म्हातारीला याचाच राग. "कामाला लागली तशी सुनबाय लय मोठी झाली. आमच्या पंगतीला बसत न्हाई!"

हे चालू असतानाचेच हे किस्से.

*

माझी पहिली ड्यूटी लोणावळ्याच्या नाक्यावर. हातात ती ताप मोजायची बंदूक. येईल त्याच्या कपाळाला लावायची. फिरायला यायला बंदी, तरी गाड्या थांबेनात! आणि प्रत्येकाचं कारण एकच: मयत. कुणाची मावशी, कुणाचा काका. आमच्याबरोबरचे हवालदार वैतागून म्हणाले, "सिस्टर, एवढी माणसं गेली असती तर लोणावळ्यात चिक्की विकायला कोण उरलं असतं?"

तेवढ्यात एक मोठी गाडी आली. नवरा-बायको, दोन मुलं. नवऱ्याने चेहरा पाडला. "सासरे गेले हो साहेब."

हवालदारांनी मागच्या सीटवर डोकावलं. तिथं फुगवलेली भली मोठी पोहायची ट्यूब! पिवळीधमक, वर बदकाचं तोंड.

"आणि हे?"

नवरा काच वर करायला लागला. बायको मात्र हुशार. डोळ्याला रुमाल लावून म्हणाली, "उद्या दहावा आहे. नदीत उतरावं लागतं ना!"

हवालदारांनी तिला कडक सॅल्यूट ठोकला. "जरूर उतरा ताई. पण आपापल्या गावच्या नदीत! चला, गाडी वळवा."

*

मग वाडीच्या शाळेत क्वारंटाइन सुरू झालं. बेंच बाहेर, सतरंज्या आत. त्यात बाळू नावाचा एकजण होता. त्याचा मुंबईहून आलेला भाऊ पॉझिटिव्ह निघाला, म्हणून हा शाळेत. बाळूला काहीच झालं नव्हतं. झालं होतं ते त्याच्या म्हशीला!

ती म्हैस बाळूशिवाय कुणाला धार काढू देईना. बायकोने त्याचा सदरा घालून पाहिला, म्हशीने लाथ घातली. कास टम्म फुगली, म्हैस दिवसभर हंबरतेय, वाडी माझ्या नावानं ओरडतेय. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "सिस्टर, मी माणसांचा डॉक्टर आहे!" पण आले.

बराच खल झाला. शेवटी ठरलं की बाळूला बाहेर सोडायचं नाही, म्हैसच शाळेच्या पटांगणात आणायची. सगळे कुंपणापलीकडे. डॉक्टरांनी लांबूनच बाळूच्या हातावर सॅनिटायझर फवारलं, म्हणाले, "आता काढ." बाळू बसला. म्हशीने त्याचे हात हुंगले आणि बादली उडवून दिली, ती थेट झेंड्याच्या खांबापाशी!

"डाक्टर, हा वास हाय तवर ती मला वळखायची न्हाई," बाळू रडकुंडीला आला. मग साबणानं हात धुतले, मास्क काढला, तेव्हा कुठं बाईसाहेबांनी पान्हा सोडला.

आता ते दूध वाडीत कोण घेणार? कुणीच नाही. मग रोज सकाळ-संध्याकाळ शाळेतल्या मंडळींनीच प्यायलं. सुटकेच्या दिवशी सगळे चांगले गुटगुटीत. त्यातला एकजण मला बाजूला घेऊन हळूच म्हणतो, "ताई, जरा खोकल्यागत वाटतंय. अजून चौदा दिवस व्हतील का?"

*

घरोघरच्या सर्व्हेची गंमत निराळीच. आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला चहाशिवाय पाठवत नाहीत. आम्ही मास्क काढायचा नाही, म्हणजे चहा घ्यायचा नाही. आणि चहा नाकारला की घरातली बाई फुगणार. मग ताप आहे का? न्हाई. खोकला? न्हाई. घरात माणसं किती? न्हाई!

सुनंदाने युक्ती काढली. खांद्याला मोठा थर्मास. प्रत्येक घरी म्हणायचं, "मावशी, चहा द्या, पर ह्यात वता. वाटंत घेते." बाया खूश, माहिती घडाघडा. थर्मासात एका घरचा गुळाचा, दुसऱ्याचा साखरेचा, तिसऱ्याचा गवती चहा, चौथ्याचा नुसताच काढा! दुपारी ओढ्याकाठी लांब लांब बसून आम्ही तो प्यायचो. चव विचारू नका. डॉक्टरांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "याने विषाणू नक्की मरेल. आपलं सांगता येत नाही."

पुढं एकदा ऑनलाइन मीटिंग झाली. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, कुठल्या कुठल्या आमच्यासारख्याच बाया. आपल्या देशांत पैसा कमी, साधनं कमी, तरी तुम्ही कसं भागवलंत, असा विषय. रेंज धड नाही, अर्ध्या चौकोनांत नुसती छपरं दिसत होती. हिंदीत सांगायची माझी पाळी आली. आता काय सांगावं? मी घाबरून चहाचंच सांगून टाकलं. वरच्या साहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं, गेली माझी नोकरी.

तेवढ्यात नेपाळच्या चौकोनातली बाई खुदकन हसली. खाली वाकली आणि तिने स्वतःचा थर्मास कॅमेऱ्यासमोर धरला!

*

पेशंट कुणाकुणाला भेटला ते शोधायचं, हे सगळ्यात जिकिरीचं. एकजण पॉझिटिव्ह निघाला. चार दिवसांपूर्वी हळदीला जेवून आलेला, हे अख्ख्या वाडीला ठाऊक. पण हा गडी कबूल होईना. "कुणालाच भेटलो न्हाई. मी घरातच व्हतो." नावं सांगितली तर त्यांना शाळेत घालतील, आणि बाहेर आल्यावर ते याला लाथा घालतील!

मी विचारून दमले. डॉक्टर माझ्याकडून फोन घेऊन शांतपणे म्हणाले, "बरं, ते जाऊ दे. मटण कसं झालं होतं?"

"मटान? कसलं मटान! मला दोन फोडी आन रस्सा. आन शेजारचा दत्तू? त्याला नळी! वाढणारा त्याचा मेव्हणा ना! समोर ते पोलीस पाटलाचं पोरगं बसल्यालं, त्यानं तर तीनदा मागून घेतलं..."

डॉक्टर लिहीत गेले, तो बोलत गेला. अख्खी पंगत निघाली. शेवटी त्याच्या लक्षात आलं, तसा एकदा खाकरला. मग म्हणाला, "त्या दत्तूला आदी न्या!"

*

लावणीच्या दिवसांतली गोष्ट. पारूमावशी दिवसभर चिखलात भात लावून आल्या, भिजलेल्या, दमलेल्या, धापा टाकत. सुनंदाने सहज त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि आकडा बघून ती रेंज शोधत अंगणात धावली. मला फोन आला तो नुसता रडण्याचा. "ताई, आत्याबाईंचा ऑक्सिजन गेला! मीच आनलं ओ घरात, मीच!"

आम्ही जीप काढली. त्या रस्त्याला खड्डे किती ते मला विचारा. सिलिंडर मांडीवर घेऊन बसले होते, आणि डोळ्यांसमोर सगळं वाईटच येत होतं. नुकताच वाडीतला एक दुकानवाला गेला होता, आमच्या डोळ्यांदेखत.

पोचलो तर दारात सुनंदा थरथरतेय आणि पारूमावशी चुलीपुढं बसून भाकऱ्या थापतायत! डॉक्टरांनी पुन्हा ऑक्सिमीटर लावला. आकडा एकदम ठणठणीत. बोटं पाण्यात गारठली होती म्हणून यंत्र फसलं, बाकी काही नाही. चुलीशी हात शेकले, आकडा चढला.

पारूमावशींनी सुनेकडं बघितलं. "डाक्टर, आलाच हायसा तर हिलाच लावा ते. कवाधरनं कापतीया."

*

आणि मग लस आली.

आमचं आधी झालं. सुनंदाने वाडीत पहिली घेतली. तिला वाटलं, आता म्हातारीला टोचली की सुटले. बंदी उठत होती. शनिवार-रविवार किल्ल्यावर झुंबड, कुठकुठली माणसं विनामास्क येणार आणि पारूमावशींच्या हातचं पिठलं खाणार. दम्याच्या बाईला हे झेपायचं नाही, हे तिला दिसत होतं.

पण पारूमावशी घेईनात! आमची जीप खालच्या वळणावर दिसली की त्या शेळ्या घेऊन किल्ल्याच्या वाटेला. सुनंदाने समजावलं, भांडली, अबोला धरला. आणि वाडीतले बाकीचे म्हातारे तिलाच ऐकवायचे, "आदी तुज्या सासूला टोच, मग आमाला!"

डॉक्टर वेगळ्याच गोष्टीने चक्रावले होते. या वाडीत लस अजिबात घेत नाहीत असंही नव्हतं. प्रत्येक घरातून एकजण येऊन गेला होता. कुठं मुलगा, कुठं सून. एकच! दुसरा कुणी येईना. "सिस्टर, ही काय भानगड आहे?" ते मला विचारायचे. मला तरी काय माहीत!

शेवटी एकदा आम्ही जीप आणलीच नाही. ती लांब सोडून बांधाबांधाने चालत गेलो आणि पारूमावशींना दुकानातच गाठलं. त्या कांदा चिरत होत्या. पळायला जागा नव्हती.

डॉक्टर समोरच्या बाकड्यावर बसले. अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "मावशी, सुईची भीती वाटते का?"

"सुईची? चार बाळंतपनं घरात झाली माजी. सुईला काय भ्यायाचं!"

"मग?"

मावशींनी विळी बाजूला सारली. "तुमी शेरातली मान्सं. वढ्याला पूर आला तर आमचं समदं घर एकदम पान्यात उतरत न्हाई. आदी एकजन जातो. पोरं आन दुसरं एक मानूस काठावच थांबतं. पल्याड गेल्यालं मानूस धड पोचलं का बघायचं, मंग पाय टाकायचा. आमच्याकडनं ही सुनबाय गेली. दोगी बी गेलो आन काय इपरीत झालं, तर माज्या नातवांला भाकर कोन करून घालनार?"

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले, मी डॉक्टरांकडं. अख्खी वाडी काठावर उभी होती, आणि आम्ही इतके दिवस त्यांना अफवांवर भाषणं देत होतो!

सुनंदा दाराला टेकून उभी होती. ती तशीच पुढं सरकली. "आत्याबाई, मला दोन्ही डोस घ्यून किती दिस झालं. मी धड हाये की!"

"हायेस ग. म्हाईत हाय मला." पारूमावशींनी कांद्याचे हात पदराला पुसले. "पर तू दिसभर उन्हातानाची फिरतीस, पडलीस की मेल्यागत निजतीस. हाक मारली तर उटत न्हाईस. म्हनून रोज पहाटं उटते आन तुज्या नाकाखाली हात धरून बगते."

सुनंदा तोंडाला पदर लावून रडायला लागली. डॉक्टर उगाच बॅगेत काहीतरी शोधत बसले. मीही सिरिंज हातात घेऊन नुसतीच उभी.

पारूमावशींनी स्वतःच चोळीची बाही वर केली आणि दंड माझ्यापुढं धरला.

"टोचा बाय. सुने, तू धड पोचलीस, आता काठाव तू ऱ्हा. उद्यापास्नं पहाटं तू उटायचं, आन माज्या नाकाखाली हात धरायचा."