धोंडिबाचा पहिला घास

धोंडिबाने नळी उपसली, ती तिसरी वेळ. सकाळचं दूध उशीवर सांडलं होतं आणि तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

मी तेव्हा पिंपरीजवळच्या एका लहान इस्पितळात स्टाफ नर्स होते. पन्नासच्या दशकातली गोष्ट. आसपास कारखाने उभे राहत होते, पण आमचे पेशंट बहुतेक गावांतलेच. धोंडिबा मोशीचा, विहिरी खोदणारा, पंचेचाळिशीचा गडी. अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली आणि गिळणंही गेलं. आपण गिळतो तेव्हा श्वासनळीवर झाकण बसतं. त्याचं ते वेळेवर बसत नव्हतं. पाणी फुफ्फुसात जायचं, ठसका लागायचा, मग ताप. म्हणून नाकातून पोटापर्यंत रबरी नळी घातलेली. तीतून दर तीन तासांनी दूध, अंडं, पेज. त्याला आम्ही फीड म्हणायचो.

डॉक्टर राउंडला आले, उशी पाहिली.

"किती आठवडे झाले?"

"तीन, सर."

"सोमवारी पुण्याला पाठवू. पोटाला भोक पाडून तिथूनच नळी बसवतील."

धोंडिबाला ऐकू नीट येत होतं. त्याने डोळे मिटून घेतले. त्या दिवशी माझं कशात लक्ष लागेना. दुसऱ्या पेशंटचं टेंपरेचर घेतलं आणि लिहायचंच विसरले.

दुपारी वॉर्डात आले तर त्याची बायको ताराबाई खाली जमिनीवर बसली होती. तो खाटेच्या कडेला पाय सोडून बसलेला, तिच्याकडे वाकून. ती बोटाने त्याला काहीतरी चारत होती.

"ताराबाई, काय करताय? जीव जाईल त्यांचा."

तिने वाटी पदराआड घेतली. "म्हस व्याली, बाई. खरवस हाय. ह्यांनी डोळ्यांनी मागितला, मला न्हाई म्हनवलं न्हाई."

"किती दिला?"

"चार बोटं."

मी चिडले, वाटी काढून घेतली. मग लक्षात आलं की तो खोकला नव्हता. चार घास, आणि एकही ठसका नाही. संध्याकाळपर्यंत मी पाच वेळा ताप पाहिला. नव्हता.

पाणी पळतं, खरवस हळू सरकतो. शिवाय तो खाली वाकला होता, हनुवटी छातीला टेकत होती. आम्ही मात्र त्याला उशीवर मान मागे टाकूनच पाणी पाजून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं. बायकोचं चोरून चारणंही सांगितलं, कारण लपवलं असतं तर पुढचं काहीच खरं वाटलं नसतं.

"योगायोग असेल," ते म्हणाले.

"असेल, सर. पण भोक पाडण्याआधी आठ दिवस द्या."

त्यांनी दिले. "पुन्हा ताप आला तर थांबायचं."

नळी परत घातली, फीड चालूच ठेवलं. त्याशिवाय दिवसातून तीनदा ताठ बसवायचं, हनुवटी खाली, चमच्याच्या टोकावर घट्ट दही. गळ्यावर माझी दोन बोटं. कंठमणी वर उचलला गेला की घास उतरला. मग म्हणायचे, "धोंडिबा, आ म्हणा." आवाज ओला, घरघरता आला तर काहीतरी अडकलंय. खाकरायला लावायचं, परत गिळायला लावायचं.

पहिल्या दिवशी तीन चमचे गेले. चौथ्या दिवशी अर्धी वाटी. पाचव्या दिवशी त्याने खुणेने चहा मागितला. मलाही तो पिताना पाहायचा होता. बशीत ओतला आणि दिला.

दोन घोट. तो निळा पडेपर्यंत खोकला. संध्याकाळी ताप चढला.

डॉक्टरांनी विचारलं, "बायकोने दिला?"

ताराबाई दाराशीच उभी होती. "मी दिला, सर," मी म्हणाले.

त्यांनी चार्ट पाहिला. पेनिसिलीन लिहिलं आणि गेले. आता पुण्याला पाठवायचं की नाही, ते सांगितलं नाही. ताप उतरेपर्यंत तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. ताराबाईने मला एका शब्दाने बोल लावला नाही, त्याचाच जास्त त्रास झाला.

ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, "परत दह्यापासून सुरू करा. चहा तुम्ही प्या."

पाच आठवडे गेले. दही, मऊ भात, मग दुधात कुस्करलेली भाकरी. ती तो पूर्ण वाटीभर खायला लागला तेव्हा डॉक्टरांनी स्वतः नळी काढली. धोंडिबाने दोन्ही नाकपुड्यांनी मोठा श्वास घेतला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "बरं वाटलं."

विहिरीवर तो परत गेला नाही, हात साथ देईना. पाणीही शेवटपर्यंत त्याला मान खाली घालून चमच्यानेच प्यावं लागलं. पण जेवण तो घरी, ताटावर बसून करायचा.

पुढे नव्या नर्सना शिकवताना मी हा चहाचा प्रसंग आधी सांगायचे. पेशंटची भूक आपल्याला दिसते, त्यामुळे तिला आवर घालता येतो. आपली घाई दिसत नाही. चार्टवर तिच्यासाठी रकानाही नसतो.