पाठमोरी मालन

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तो गेला तेव्हा रडता रडता मनात आलं – चला, आता हे सांगावं असं कुणी उरलं नाही. आणि हायसं वाटलं. अशी मी आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच तुम्हाला सांगते.

मी सांगलीची. दुष्काळ सरला त्या वर्षी कोरेगावच्या पुढच्या एका खेड्यात मला पहिलीचा वर्ग मिळाला. माझा हात चालायचा. फुटपट्टी, छडी, काही नसलं तर नुसता पंजा. पण ही कबुली त्याची नव्हे. तेव्हा सगळेच मारायचे, आणि आईबाप नाव घालायला येत ते ‘हात राखू नका’ असं बजावूनच जात.

मुलं अक्षरं सुरेख गिरवत, पण आवाज ओळखता येईना. ‘कणीस’ म्हटलं की त्याच्या सुरुवातीला काय ऐकू येतं, हे काही केल्या सांगता यायचं नाही. मग मी एक युक्ती काढली. क म्हणताना कानाला हात लावायचा, न म्हणताना नाकाला, म म्हणताना मानेला, प म्हणताना पोटाला. महिन्याभरात वर्ग धडाधड उत्तरं द्यायला लागला. मी शब्द म्हणायची आणि पोरं एका सुरात अक्षर सांगायची. काय मिरवलं मी! शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन बघून जायचे.

खरी गोष्ट अशी, की शब्द म्हणताना माझा हात आपोआप तिथं जायचा. मुलं ऐकत नव्हतीच, माझ्या हाताकडं बघत होती. मला हे कळत नव्हतं का? कळत होतं. पण कौतुक गोड लागत होतं.

एकटी मालन बघायची नाही. मिलिटरीतल्या हवालदाराची मुलगी, सहा वर्षांची, खिडकीशी बसायची. बाहेर शेळ्यांकडं बघत बघत उत्तर द्यायची, आणि ते बरोबर असायचं. लक्ष नाही म्हणून मी दोनदा तिची वेणी ओढून तोंड फळ्याकडं फिरवलं होतं.

मग तपासणीचे साहेब आले. दहा मिनिटं त्यांनी मुकाट्यानं बघितलं आणि सगळ्या मुलांना भिंतीकडं तोंड करून उभं केलं. ‘पतंग,’ ते म्हणाले. वर्ग गप्प. ‘नांगर.’ कुणीतरी भीत भीत ‘क’ म्हणालं. एक पोरगं रडायला लागलं. बोलली ती फक्त मालन – एकामागून एक, दहा-बारा शब्द, एकही न चुकता.

‘बाई,’ साहेब म्हणाले, ‘ही एकटी ऐकते. बाकीची तुमच्याकडं बघतात.’

तेच त्यांनी शेरेबुकात लिहिलं. मालन पाठमोरी असूनही सर्व व्यंजनं ओळखते, असं तिचं नाव घालून. हेडमास्तरांनी ते माझ्यादेखत वाचलं आणि हसले.

शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं. ती हसत आली – शाबासकी मिळेल असं वाटलं असणार तिला. मी डाव्या कानावर दिली. ती पडली. दंडाला धरून उठवली आणि उजव्या कानावर दिली. मग पुन्हा डाव्या. किती वेळा, ते मोजलं नाही. राग अनावर झाला म्हणू? तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला शुद्ध होती. मी कानावरच नेम धरून मारत होते, आणि मला बरं वाटत होतं. ती ओरडलीसुद्धा नाही. दोन्ही कान दाबून बसली, आणि हात काढले तेव्हा बोटांना रक्त होतं.

तिचे कान वाहायला लागले. आईनं तेल कोमट करून घातलं. दिवाळीपर्यंत अशी गत झाली की मागून हाक मारली तर मालन वळायची नाही.

तिचा बाप रजेवर आला आणि तिघं शाळेत आली. पोरगी चांगली ऐकत होती, बाईंनी मारल्यापासनं असं झालं – एवढं आई कशीबशी बोलली. बापानं तिला गप्प केलं. मारल्यानं कुणी बहिरं होतं का, म्हणाला. मग माझ्याकडं वळला, अगदी अदबीनं.

‘बाई, तुमी शिकलेल्या. पोरीला पयल्यापासनंच कमी ऐकू येतं का वं? तसं आसंल तर मिरजंला न्हिऊन उपेग न्हाई.’

मिरजेला मोठे डॉक्टर होते. तो न्यायला तयार होता, पैसे बांधून आला होता. माझ्या एका शब्दावर सगळं अडलं होतं.

‘पहिल्यापासूनच,’ मी म्हणाले.

त्यानं तिथंच बायकोच्या तोंडात मारली. जन्माचं व्यंग माझ्यापासून लपवलंस, म्हणाला. ती भिंतीवर आदळली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी हजेरी उघडली आणि नावं वाचत बसले.

मालनची शाळा सुटली. शेरेबुकातलं ते पान मी खळ लावून शेजारच्या पानाला चिकटवलं. पुढं सांगलीला बदली झाली, आणि आदर्श शिक्षिका म्हणून गावानं मला साडी-नारळ देऊन निरोप दिला.

बऱ्याच वर्षांनी कोरेगावच्या बाजारात ती भेटली. तिनंच मला ओळखलं. कडेला चार-पाच वर्षांची मुलगी होती. मालननं हसून तिला पुढं केलं आणि स्वतःच्या कानाला हात लावला.

‘क,’ पोरगी म्हणाली.

मालननं नाकाला हात लावला.

‘न.’

मान. पोट. माझ्या खुणा, जशाच्या तशा. ज्या मुलीला त्यांची कधीच गरज नव्हती, ती हीच मालन. सगळं झाल्यावर ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. लेक बरोबर म्हणाली की चूक, हे तिला माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं.

मी मान हलवली. बरोबर आहे, म्हणून.