टिपला!

अंगठ्याएवढा शिंजीर पक्षी बाभळीवर एका जागी ठरत नव्हता. कॅमेऱ्याची हातभर लांब लेन्स रोखून मी तासभर उकिडवा बसलो होतो. शेवटी तो क्षणभर थांबला, थेट माझ्याकडे बघत. मी बटण दाबलं आणि ओरडलो, "टिपला!"

मागून सरपण घेऊन येणारी बाई दचकली. मोळी तिथंच टाकून म्हणाली, "मेलं का हो पाखरू?"

माझ्याच शब्दानं माझ्या अंगावर काटा आला. पाखरू दाणा टिपतं, बंदूकवाला पाखरू टिपतो, आणि मीही टिपतोच.

"नाही मावशी, नुसता फोटो काढला," म्हणत मी घाईघाईनं तिला कॅमेऱ्यातला शिंजीर दाखवला. पिसं अंगाशी चिकटलेली, चोच उघडी, डोळा भेदरलेला.

ती बघतच राहिली. "पण नुसता फोटो हाय, हे त्याला कुठं ठावं होतं?"