सुनेच्या परीक्षेचं तोरण

माझ्या सुनेला जर्मनीत नवऱ्याजवळ जायचं होतं आणि त्यासाठी जर्मन भाषेची परीक्षा पास होणं भाग होतं. एवढीच गोष्ट. पण या एवढ्याशा गोष्टीनं आमच्या घरातल्या दोन दिवाळ्या खाल्ल्या. मुलगा माझा तिकडं एका कारखान्यात मशीन दुरुस्त करतो. लग्नाला आला, वीस दिवस राहिला, गेला. सर्टिफिकेट नाही तर व्हिसा नाही. म्हणून सून राहिली माझ्याजवळ, अमरावतीच्या बाहेर, आमच्या फुलांच्या वावराच्या कडेला.

पहिल्या खेपेला ती नापास झाली. परीक्षा देऊन पुण्याहून आली आणि चप्पल न काढताच ओट्यावर बसली. मी विचारलं, "काय वं, काय झालं?"

"समदं येत होतं आई. पण समोरची बाई बोलाले लागली का मी एकेका वस्तूपाशी अडकून राहिली. हे तो का ती का ते? आठवू आठवू करता वेळच सरला."

तिकडं म्हणे प्रत्येक वस्तूच्या नावाअगोदर एक शब्द लावावा लागतो. डेर, डी नाहीतर डास. आपलं तो, ती, ते म्हणा ना. डास ऐकून मी आधी हसायची, नंतर हसूही येईनासं झालं. आपल्यातही तीन आहेत, पण आपल्याला ते कोणी शिकवलं? दार ते, खिडकी ती, हे मला माहेरी बार्शीटाकळीला परकर घालून फिरत होते तेव्हापासून येतं. त्यांचं दार ती आणि खिडकी ते. काहून? तर काहून नाही. तिच्या जर्मनच्या क्लासच्या मॅडम म्हणत, पाठ करा. पाणी आणि मीठ तेवढं त्यांचंही ते आणि आपलंही ते. त्या दोघांपाशी आली की पोरीला जरा दम घ्यायला मिळायचा.

मी शाळेत गेले नाही. फुलं बांधायची जी रद्दी येते, तिच्यावरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले. त्यामुळं वहीत डोकं घालून कोणी रडायला लागलं की मला वाटतं, हाताला काम द्यावं, म्हणजे डोकं चालतं. सकाळी उजेड झाला की आम्ही दोघी फुलं घेऊन बसायचो. तिला म्हटलं, झेंडू म्हणजे डेर, शेवंती म्हणजे डी आणि आंब्याचं पान म्हणजे डास. आता आपल्या दारापासून सुरू कर आणि आत चालत जा. जी वस्तू दिसेल तिचं नाव घे आणि तिचं फूल ओव.

दार, शेवंती. खिडकी, पान. टेबल, झेंडू. दिवा, शेवंती. पलंग, पान. असं करत करत स्वयंपाकघरातल्या दुधापर्यंत. क्रम रोज तोच. चुकली की मी दोरा ओढून फूल काढून टाकायची. मला काय येत होतं म्हणा, पण रोज ऐकून ऐकून माझ्याही कानाला चूक कळायला लागली. महिने गेले असे. तिचे डोळे सुजलेले, माझे गुडघे भरलेले. मुलाचा फोन आला की तो एकच विचारायचा, "किती झालं?" जसं काही खळ्यावरचं धान्य मोजायचं होतं.

मग ती वास्तूची ऑर्डर आली. पलीकडच्या कॉलनीतल्या एका बाईला घराच्या पूजेला तोरण पाहिजे होतं. अशा तोरणाची रीत ठरलेली असते. तीन झेंडू, एक शेवंती, एक पान, पुन्हा तीन झेंडू. चाळीस वर्षांच्या सवयीनं मी ती झोपेतसुद्धा ओवली असती. त्या सकाळी सून बाजूला बसून आपली नावं घेत होती आणि माझे हात तिच्या तोंडातल्या नावांमागं गेले. डोळ्यांना तसंही नीट दिसत नाही. कागदात गुंडाळलं आणि देऊन टाकलं.

घंटाभरात बाई तोरण हातात धरून दारात हजर. "काहो मावशी, हे काय करून ठेवलं? एक पिवळं, एक पांढरं, मधातच दोन पानं! मांजरीनं ओवलं का काय?"

मी तोरण हातात घेतलं, बोटांनी चाचपलं आणि मला कळलं. म्हटलं, "चुकलं बाई माझं. बसा, दुसरं देतो."

तेवढ्यात सून आतून आली. तिनं तोरणाचं एक टोक धरलं आणि वाचतच सुटली, डी ट्यूर, डास फेन्स्टर, डेर टिश, डी लाम्पे, डास बेट. बोट फुलावर पडायच्या आत नाव तोंडातून बाहेर. दुधापर्यंत कुठं थांबली नाही. शेवटी म्हणाली, "आई, एकही चूक नाही हो याच्यात!"

बाई माझ्याकडं पाहत राहिल्या. "सूनबाईले काही झालं का?"

"पास झाली," मी म्हटलं.

परीक्षा तर अजून व्हायची होती. पण मला तेव्हाच कळलं होतं. मी खाली बसून दुसरं तोरण ओवायला घेतलं. तीन झेंडू, एक शेवंती, एक पान. इतके दिवस मी कशासाठी ओवत होते, हे त्या दिवशी मला खरं समजलं. पोरीला मी एकेक वस्तू करून आख्खं घर पाठ करून दिलं होतं, घर सोडून जाता यावं म्हणून.

ती खरंच पास झाली. गेली. जाताना पेढे वाटले, तिवशाहून तिचे आईवडील आले, रडारड झाली. ते चुकलेलं तोरण मी आमच्याच दाराला बांधलं होतं. ती म्हणाली, "वाळलं आई, काढा आता." मी म्हटलं, राहू दे.

अजून आहे. झेंडूची नुसती काडं झाली. सकाळी फुलं घेऊन बसले की मी दारापासून सुरू करते, पलंगापर्यंत जाते आणि तिथं थांबते. पुढचं फूल झेंडूचं आहे, पण ते कोणत्या वस्तूचं होतं ते आठवत नाही. तिचा फोन येतो तेव्हा विचारीन म्हणते. पण ती कामावरून थकून आलेली असते आणि मीही बाजारातून. "जेवलीस का?" "जेवली. तुमी?" "जेवलो." एवढ्यात फोन संपतो.