हिल्डाच्या कमरेची दोरी

हिल्डा स्वारब्रिक त्या वर्षी बावन्न वर्षांची होती आणि तिला पाण्याची भीती वाटते हे आमच्या क्लबात कोणालाही ठाऊक नव्हतं. एकोणीस वर्षं ती दर शनिवारी नवऱ्याचा डबा घेऊन तळ्यावर यायची आणि क्लबच्या लाकडी खोलीत शेगडीपाशी बसून राहायची, तळ्याकडे पाठ करून. आम्हाला वाटायचं, बाईला वारा सोसत नाही.

तिचा नवरा विल्फ आमचा होडीवाला. आमच्या यॉट म्हणजे शर्यतीच्या छोट्या शिडाच्या होड्या, आत कोणी बसत नाही अशा. सांगाडा दोन हातांत उचलता येईल एवढा, शिडं मात्र माणसाच्या उंचीची. मालकानं शिडं बांधायची, वाऱ्याच्या जोरावर सुकाणू वळवणारी मागची पाती लावायची आणि ढकलून द्यायचं. पुढे ती यॉट आणि वारा. मालक हातात काठी घेऊन काठाकाठानं धावत राहतो. एका वेळी दोन यॉट सुटतात, आणि त्या मधोमध एकमेकींत अडकल्या किंवा शेवाळात रुतल्या की कोणीतरी होडी वल्हवत जाऊन त्यांना सोडवावं लागतं. ते काम विल्फचं. नगरपालिकेची अटच होती, होडीवाला नसेल तर शर्यत नाही.

एकसष्ट सालच्या फेब्रुवारीत विल्फ पन्हळ साफ करताना शिडीवरून पडला आणि खुब्याचं हाड मोडून इस्पितळात गेला. मार्चमध्ये क्लबची वार्षिक सभा होती. हिल्डा तिथं आली ती फक्त होडीच्या साखळीची किल्ली परत करायला.

"मग यंदा होडीत कोण बसणार?" थ्रेलफॉल यांनी विचारलं. ते आमचे अध्यक्ष. खाटकाचं दुकान होतं त्यांचं, आणि सभेतही ते गिऱ्हाइकाला हाक मारल्यासारखेच बोलायचे. "बोला, बोला! एरवी तोंडं बंद नसतात तुमची."

सगळे बुटांकडे बघायला लागले. होडीत बसायचं म्हणजे वर्षभर स्वतःची यॉट घरात ठेवायची.

"मी बसते," हिल्डा म्हणाली.

"तू? वल्ही मारता येतात तुला?"

"लहानपणी मारायचे."

थ्रेलफॉल यांनी लगेच माझ्याकडे वळून सांगितलं, "ॲग्नेस, लिहून घे, बाईंचं मन बदलायच्या आत." मी क्लबची गुण लिहिणारी. मी लिहून घेतलं. लिहिताना वर पाहिलं तर हिल्डा किल्लीकडे बघत होती, हातात जळता निखारा ठेवलाय तशी.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मी लवकर गेले. होडीच्या खोपटामागे कोणीतरी ओकत होतं. हिल्डाच होती. मला बघून तिनं रुमालानं तोंड पुसलं.

"कोणाला सांगू नकोस."

"बरं नाही का तुला? घरी जा ना."

"बरी आहे मी. मला भीती वाटते."

"कशाची? अगं, तळं कमरेएवढं आहे. उभी राहिलीस तरी बुडणार नाहीस."

"पाण्याची नाही गं," ती म्हणाली. "खालच्याची."

मग तिनं सांगितलं. तिचे वडील खाडीत कोळंबी पकडायचे. ओहोटी लागली की घोडागाडी घेऊन वाळूवर मैलभर आत जायचं, आणि भरतीच्या आधी परत यायचं. ती सात वर्षांची असताना एकदा वडिलांबरोबर गेली होती. येताना घोड्याचे पुढचे पाय वाळूत गेले. वडिलांनी तिला गाडीच्या टपावर चढवलं आणि ते घोड्याचे पट्टे कापायला लागले. घोडा ओरडला नाही, हे तिला सगळ्यात जास्त आठवायचं. तो नुसता मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिला, आणि पोटापर्यंत गेल्यावर तर हलायचाही थांबला. दुसऱ्या गाडीवाल्यांनी त्या दोघांना ओढून काढलं. घोड्यासाठी वेळ नव्हता.

"मग सभेत हो कशाला म्हणालीस?"

"विल्फच्या जागी दुसरा बसला असता, तर विल्फ परत बसला असता का? तो इस्पितळात पडल्या पडल्या तळ्याचंच विचारतो. पाणी किती आहे, शेवाळ आलं का." तिनं खोपटातून दोरीचं एक मोठं वेटोळं काढलं. "ही मी घरून आणलीय. एवढं एक मला करू दे."

दोरीचं एक टोक तिनं कोटाखाली कमरेला बांधलं आणि दुसरं काठावरच्या लोखंडी कडीला. तळ्याभोवती अशा कड्या ठिकठिकाणी होत्या. होडी ज्या बाजूला न्यायची, तिथल्या कडीला दोरी बांधायची आणि मगच निघायचं, असा तिनं नेम केला. दोरी पाण्यात तिच्यामागे सरपटत जायची. पहिल्या दिवशी काठावर हसून हसून लोकांची पोटं दुखली.

"शेळी चरायला सोडलीय का रे?" गॉर्नल ओरडला. हा थ्रेलफॉल यांचा जोडीदार. त्यांची यॉट पलीकडच्या काठावर गेली की तिला काठीनं वळवून परत पाठवणारा. धिप्पाड गडी, बर्फाच्या कारखान्यात कामाला. "हिल्डा, दाव्याला जरा हिसका देऊ का?"

तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. दात वाजत होते, तोंड उघडलं असतं तर ऐकू आले असते.

मे महिन्यात थ्रेलफॉल यांच्या यॉटचा तळ त्या दोरीत अडकला आणि ते शर्यत हरले. त्या संध्याकाळी ते तणतणत खोलीत आले. "ही दोरी बंद! शर्यत आहे की कपडे वाळत घालायचं अंगण?"

"दोरी बंद तर मीही बंद," हिल्डा म्हणाली. आवाज इतका बारीक की त्यांना परत विचारावं लागलं. तिनं परत तेच सांगितलं. मग दोरी राहिली, कारण दुसरा होडीवाला कुठून आणणार होते?

असा उन्हाळा गेला. लोकांना वाटलं, सवय झाली बाईला. मला माहीत होतं, तिला शुक्रवारी रात्रीपासून जेवण जात नाही. जूनमध्ये पिल्लं असलेला हंस पंख फटकारत होडीवर आला, तेव्हा आम्ही सगळे घाबरलो. ती मात्र त्याला वल्ह्यानं ढोसून पुढे गेली. वर असलेल्या गोष्टीची तिला भीती नव्हतीच. वल्हं चुकून खोल गेलं आणि टोकाला काळा चिखल लागून आला की ती तळ्याच्या मध्यावर थांबायची, डोळे मिटायची, आणि काठावरून कोणीतरी ओरडायचं, "झोप लागली का गं?"

सप्टेंबरच्या तेवीस तारखेला शेजारच्या तीन गावांचे क्लब आले होते. दुपारी पश्चिमेकडून वारा उठला. थ्रेलफॉल यांच्या यॉटची डोलकाठी मोडली आणि ती पश्चिमेच्या कोपऱ्यात जाऊन आडवी झाली. त्या कोपऱ्यात गावचा नाला तळ्याला मिळतो. वर्षानुवर्षांचा गाळ तिथंच साचलेला. हिल्डा तिकडच्या कडीला दोरी बांधत होती. वाऱ्यात गाठ बसेना.

"सोड, तुझं होईपर्यंत नाताळ येईल," गॉर्नल म्हणाला, आणि छातीपर्यंतचे रबरी बूट चढवून स्वतःच पाण्यात उतरला.

चार पावलं तो नीट गेला. पाचव्याला मांडीपर्यंत गेला. सगळे हसले, तोही हसला. पाय उपसायला त्यानं जोर केला आणि कमरेच्या वर गेला. मग त्याचं हसू थांबलं, पण काठावरचं चालूच होतं.

"हसू नका," हिल्डा म्हणाली. "अहो, हसू नका!"

गाठ कशीबशी मारून ती होडीत बसली होती आणि वल्हवत होती. मी कठड्यापाशी होते, मला तिचा चेहरा दिसत होता. त्याच्यापासून दोन होड्यांच्या अंतरावर ती थांबली. वल्ही वर, हात थिजलेले. गॉर्नल मान वर करून तिच्याकडे बघत होता. पाणी त्याच्या काखेपर्यंत आलं होतं, बुटांत शिरत होतं. "हिल्डा," तो म्हणाला. "हिल्डा, ये ना गं." ती हलली नाही. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. एक मिनिट असेल. गॉर्नल नंतर म्हणायचा, दहा.

मग तिनं एक वल्हं त्याच्याकडे सरकवलं. "काखेखाली घे. पाय उचलू नकोस! मागे रेल, बिछान्यावर रेलतात तसा. बुटांचे पट्टे सोड."

"बुडेन मी!"

"पट्टे सोड म्हणते ना!"

बोलता बोलता तिनं कोटाची बटणं काढली आणि कमरेची गाठ सोडवू लागली. भिजलेली गाठ. तिनं ती दातांनी सोडवली. दोरी त्याच्या अंगावर टाकली, आणि थ्रेलफॉलसकट आठ-नऊ जणांनी काठावरून ती धरली. त्यांनी त्याला आडवा ओढला, हळूहळू, जसा गवताचा भारा ओढतात. बूट गाळातच राहिले. तो मोज्यांवर बाहेर आला, काठावर पालथा पडला आणि रडायला लागला. सगळ्यांनी त्याला उचलून खोलीत नेलं. घोंगड्या, चहा, ब्रँडी. थ्रेलफॉल त्याचे तळवे चोळत होते. मी वही उघडली आणि शर्यत रद्द असं लिहिलं. तारीख लिहिली. मग वर बघितलं.

हिल्डा खोलीत नव्हती.

बाहेर आले तर पश्चिमेच्या कोपऱ्यात होडी नव्हती. दोरी काठावर चिखलात पडलेली. तळं मोकळं, नुसत्या लाटा. मी काठाकाठानं पूर्वेकडे धावले.

वाऱ्यानं होडी तळ्याच्या दुसऱ्या टोकाला नेली होती, जिथं सांडव्याच्या जाळीतून पाणी खाली धबाधबा पडतं. एका वल्ह्यानं तिला होडी वळवता आली नव्हती. जाळीच्या अलीकडे लव्हाळ्यांचं बेट होतं, तिथं ती होडीच्या तळाशी बसली होती आणि दोन्ही मुठींत लव्हाळी धरून होती. पात्यांनी हात कापले होते. होडीत घोटाभर पाणी.

"हिल्डा! थांब, मी दोरी घेऊन येते."

"जाऊ नकोस."

"अगं, पळत जाते आणि—"

"ॲग्नेस, जाऊ नकोस. मी हाका मारल्या. कोणीच बघितलं नाही. एकानंही नाही." ती रडत नव्हती. रडून झालं असावं. "तू गेलीस की मी सोडून देईन. माझ्या हातांत काही त्राण राहिलं नाही."

मी सांडव्याच्या दगडावर पालथी झाले आणि हातातल्या छत्रीची वाकडी मूठ होडीच्या पुढच्या कडीत अडकवली. तशीच पडून राहिले. दगड गार होता, खालून पाण्याचा आवाज छातीत घुमत होता, आणि तेव्हा मलाही कळलं भीती म्हणजे काय. मला वाटत होतं, छत्री मोडेल. तिला सांगितलं नाही. मी ओरडत राहिले, ती मुठी आवळून राहिली. शेवटी पाहुण्या क्लबातला एक जण सिगारेट ओढायला बाहेर आला आणि त्यानं आम्हाला पाहिलं.

तिला शेगडीजवळ बसवलं तेव्हा थ्रेलफॉल भाषण करायला उठले. शौर्य वगैरे म्हणाले. हिल्डानं त्यांना मध्येच थांबवलं.

"तुम्ही माझी दोरी घेतलीत," ती म्हणाली, "आणि परत आणून दिली नाहीत."

थ्रेलफॉल खाली बसले. गॉर्नल घोंगडीत तोंड खुपसून होता. खरं तर तिनं ते कोणालाही उद्देशून म्हटलं असतं तरी चाललं असतं, मलासुद्धा. मी तारीख लिहीत बसले होते.

पुढच्या शनिवारी ती येणार नाही असंच सगळे धरून चालले. ती आली. ओकून आली असावी, चेहरा तसाच होता. "एक माणूस फक्त माझ्याकडे बघायला पाहिजे," तिनं सांगितलं. "शर्यतीकडे नाही. चहाकडे नाही. माझ्याकडे." गुणांची वही मी गॉर्नलच्या हातात दिली. त्याचं अक्षर भयंकर होतं, पण त्यानं लगेच लिहायला घेतलं.

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार, हंगामाची शेवटची शर्यत. वारा मेलेला, धुकं इतकं की पलीकडचा काठ दिसेना. दोन यॉट मधोमध एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. मी दोरी दोन्ही हातांत धरली आणि हिल्डा निघाली. वीस वल्ह्यांनंतर ती धुक्यात दिसेनाशी झाली, फक्त दोरी हातातून सरकत होती.

"ॲग्नेस, आहेस ना?"

"आहे!"

चार वल्ही. "आहेस ना?"

"आहे गं, आहे!"

काठावर कोणी हसलं नाही. दोरी थांबली, धुक्यात लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज आला, मग शिडांची फडफड. मी दोरी गुंडाळायला लागले. ती परत आली तेव्हा गॉर्नलनं हात पुढे केला तरी ती माझाच हात धरून उतरली.

"संपलं का एकदाचं?" तिनं विचारलं.

"संपलं. आता एप्रिलपर्यंत नाही."

तिनं मान हलवली, होडी साखळीला लावली आणि कुलूप नीट लागलंय का ते दोनदा ओढून पाहिलं.