लिंबाचा डिंक आणि निवृत्तीमामा

निवृत्तीमामा आधी गाडीकडे बघतच नसत. माणसाच्या हातातल्या फडक्याकडे बघत आणि तोंड वाकडं करत. वारंगा फाट्यावर त्यांचं गाड्या रंगवायचं दुकान होतं, पण निम्मी गिऱ्हाइकं ते रंग न देताच हाकलून लावत. "अक्कल कमी अन् घासायची खाज जास्त," हे त्यांचं अख्ख्या जिल्ह्याबद्दलचं मत.

त्या मतात मी चपखल बसलो. आमच्या दादांची, म्हणजे वडिलांची, जुनी अँबॅसिडर. चाळीस वर्षांत तिच्यावर दुसरा रंग चढला नव्हता आणि आल्यागेल्याला दादा हे चहाच्या आधी सांगत. ते नांदेडला दवाखान्यात होते तेव्हा मी शहाण्यानं गाडी कडुलिंबाखाली लावली. महिनाभरात बॉनेटवर डिंकाचे खडे जमले. चार दिवसांत दादा घरी येणार, असं कळल्यावर मी नारळाची शेंडी आणि राख घेतली, आणि कढई घासावी तसं बॉनेट घासलं. काय दिवे लावले ते! डिंक होता तिथंच राहिला, शेजारचा रंग मात्र वीतभर खरवडून निघाला.

घाबरून गाडी काढली, सोबत थिनरची बाटली घेतली आणि फाटा गाठला. मामांनी माझ्या हातातली थिनरची बाटली काढून घेतली, गरम पाण्यात भिजवलेली सुती फडकी डिंकावर पसरली आणि ते बिडी ओढत बसले. मी हात लावायला गेलो की म्हणायचे, "काहून घाई करून राहिला? लिंबाचा डिंक पाण्यानंच इरघळते." तासाभरात डिंक मऊ होऊन फडक्यासोबत निघाला. खालचा रंग जसाच्या तसा.

उरला माझा ओरखडा. दादांना कळू नये म्हणून त्यावर रंग मारा, अशी मी हात जोडून विनवणी केली. मामांनी साफ नकार दिला.

"तुही चूक झाकाया बापाचा रंग झाकतो व्हय? जा, शिव्या खा."

असा संताप आला मला त्या माणसाचा, की परत येताना सबंध रस्ता मी त्यांना शिव्या घालत होतो.

दादा आले ते थेट गाडीपाशी. बॉनेटवरून हात फिरवत ओरखड्याजवळ थांबले. मी मान खाली घातली.

"वरून रंग तर न्हाई ना मारला?"

"न्हाई, दादा."

"मंग हाय माझी गाडी," म्हणाले आणि दार उघडून आत बसले.

मामा पुढच्या उन्हाळ्यात वारले. त्या नकाराबद्दल मी त्यांचे आभार मानले नाहीत. मानायला हवे होते.